कुबलकाकांचा दुसरा साक्षीदार

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला आकाशात काही विचित्र दिसलं, तर तो माणूस थेट कुबलकाकांची बेल वाजवतो. आणि कुबलकाका त्याला आधी भिंतीकडे तोंड करून बसवतात.

पाणी नाही, चहा नाही, 'काय झालं?' हा साधा प्रश्नसुद्धा नाही. लाकडी स्टूल, पुढ्यात कोरी भिंत, मांडीवर पॅड, हातात निळं पेन. "बोलू नका, लिहा. बोललं की पातळ होतं," एवढं सांगून काका स्वयंपाकघरात जाऊन उभे राहतात. बरोबर दुसरं कुणी असेल तर त्याची रवानगी बेडरूममधल्या दुसऱ्या भिंतीपुढे. एकमेकांशी बोलायचं नाही, खाणाखुणा करायच्या नाहीत. लिहून झालं की दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले जातात, आणि मगच चहाचं आधण चढतं. खाली मोबाइलची दुकानं, समोर साड्यांची, दिवसभर हॉर्न आणि माणसं. अशा शारजातल्या रोल्लामध्ये सहाव्या मजल्यावर उडत्या तबकड्यांचं हे ऑफिस चालतं, हे मला इथं राहायला आल्यावर आठवडाभरानं कळलं.

कळलं म्हणजे, माझ्या लेकीनंच कळवलं. ईरा तेव्हा नऊ वर्षांची होती. बाल्कनीतून तिला हिरवं काहीतरी गोल फिरताना दिसलं, आणि बिल्डिंगच्या वॉचमननं, आमच्या हमीदभाईंनी, तिला थेट सहाव्या मजल्यावर नेऊन पोचवलं. मी धावत वर गेले तर पोर भिंतीकडे तोंड करून बसलेली! मला वाटलं शिक्षाच केली. मी काही बोलायच्या आत काकांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मलाच दाराबाहेर उभं केलं.

"आई, इट्स अ प्रोसीजर," ईरा नंतर मला ऐटीत म्हणाली. तिनं कागदावर डोनट काढला होता. दोन दिवसांनी काका खाली आले आणि त्यांनी तिच्या हातात रीतसर छापील उत्तर ठेवलं: कुठल्याशा मॉलच्या ड्रोन शोची रंगीत तालीम. दिशा जुळते, वेळ जुळते. फाइल बंद. शेवटी एक ओळ हातानं लिहिलेली: 'साक्षीदाराचे निरीक्षण उत्तम.' ईरानं तो कागद अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलाय.

रघुनाथ कुबल हे माझे शेजारी, आणि त्याआधी माझे साहेब. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये आमचा व्हॉल्व्ह बनवायचा कारखाना आहे. कारखान्यातले प्रेशर गेज, थर्मामीटर, वजनं खरं बोलतात की खोटं, हे तपासायची एक थंडगार खोली असते. तिला कॅलिब्रेशन लॅब म्हणतात. काका त्या खोलीचे प्रमुख. मी तिथं कागदपत्रं सांभाळते. माझ्या नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी सांगितलं की त्यांच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट रिकामा होतोय, आणि तेव्हापासून मी रोज त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीतून जाते-येते. कारखान्याच्या गेटच्या आत मी 'मॅडम' असते आणि ते 'सर'. गेटच्या बाहेर चाक पडलं की लगेच "गो अश्विनी, पट्टा लाव," आणि मी त्यांना काका म्हणायला मोकळी.

आयुष्यभर दुसऱ्यांची मापं तपासली की माणसाचं काय होतं, ते काकांकडे बघून समजतं. 'साडेसातला निघू' असं कुणी म्हटलं की काका विचारणार, "प्लस-मायनस?" म्हणजे किती मिनिटं इकडे-तिकडे चालतील, तो टॉलरन्स आधी सांगा. माझा नवरा नितीन यावर "इन्शाल्ला" म्हणतो, तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर दात दुखल्यासारखा भाव येतो. त्यांच्या घरात फ्रिजपासून कुकरपर्यंत प्रत्येक वस्तूवर छोटं स्टिकर आहे. भिंतीवरच्या घड्याळावर लिहिलंय, 'तपासले. चार मिनिटे पुढे.' मी विचारलं, "मग पुढे आहे तर मागे का करत नाही?"

"किती पुढे आहे ते माहीत आहे ना? मग तो दोष नाही. दोष म्हणजे माहीत नसणं."

काकू मालवणजवळच्या गावी असतात. त्यांनाही सूट नाही. रोज संध्याकाळी फोन. काकू म्हणणार, गुडघा दुखतोय. काका विचारणार, "कालच्यापेक्षा किती?" पलीकडून काकू जे काही बोलतात, ते मला गाडीच्या दुसऱ्या सीटवरसुद्धा ऐकू येतं, पण इथं लिहिण्यासारखं नाही.

एकदा ऑफिसात माझ्या ड्रॉवरमध्ये त्यांना व्हाइटनरची बाटली सापडली. दारूबंदीच्या शारजात दारूची बाटली सापडावी, तशी ती त्यांनी दोन बोटांत धरून उचलली.

"मॅडम, हे काय?"

"सर, एक आकडा चुकला होता..."

"मग तो पुसणार? मॅडम, चुकीची नोंद पुसायची नाही. तिच्यावर एकच रेघ मारायची. एकच! खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर काय ते लिहायचं, सही करायची, त्या दिवसाची तारीख घालायची. खलास. चुकणं गुन्हा नाही, लपवणं गुन्हा आहे."

मी ओशाळले. पण हे सांगताना त्यांचा आवाज जरा जास्तच चढला होता, असं मला तेव्हाही वाटलं. एका पाच दिरहमच्या बाटलीसाठी एवढं?

असा हा काटेकोर माणूस उडत्या तबकड्यांच्या नादी कसा लागला, हे कोडं मला पहिल्या दिवसापासून होतं. मला वाटायचं, तबकडीवाले म्हणजे भोळी माणसं. काकांच्या घरी तसं साहित्यही भरपूर होतं. त्यांचे वडील गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. माणूस नुकता अवकाशात जाऊ लागला होता, रोज पेपरात नवं रॉकेट, आणि मास्तरांना वाटायचं की आपण वर जातोय तर वरचे खाली का येणार नाहीत? परदेशातल्या कुठल्याशा तबकडी मंडळाचे ते पोस्टानं सभासद झाले होते. त्या मंडळाची सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं काकांनी सगळी जपून ठेवलीत. शुक्रावरची माणसं उंच आणि गोरी असतात, पृथ्वी आतून पोकळ असून ध्रुवावर तिला भोक आहे, चुंबकाचं तोंड उलटं केलं की वजन नाहीसं होतं. असा सगळा ऐवज. मी वाचताना फिदीफिदी हसत होते. काका हसले नाहीत. एका परिच्छेदाखाली त्यांनी पेन्सिलनं लिहून ठेवलं होतं: 'भोकाचा व्यास दिला आहे, प्लस-मायनस दिलेले नाही.'

"म्हणजे तुमचा विश्वास आहे की नाही?" मी विचारलं.

"एकानं बघितलं ती गप्पा. दोघांनी वेगवेगळं बघून तेच लिहिलं तर ते रीडिंग. विश्वासाचं काय विचारतेस?"

हे त्यांचं पालुपद. आमच्या लॅबचीही तीच पद्धत. महत्त्वाचं माप दोन माणसं घेतात, आणि दुसऱ्यानं पहिल्याचा आकडा बघायचा नाही. बघितला की डोळा आपोआप तिकडेच झुकतो. आणि गंमत म्हणजे दोन कागद तंतोतंत जुळले तर काका जास्त संशय घेतात. "थोडा फरक हवा. माणसं आहेत ती, झेरॉक्स नाही."

इतक्या वर्षांत त्यांच्याकडे आलेली प्रत्येक तबकडी त्यांनी स्वतःच्या हातानं जमिनीवर उतरवली. आमच्या कारखान्याच्या कामगार-वस्तीत राहणारी साताऱ्याकडची दोन पोरं एकदा धापा टाकत आली. आकाशातून दिव्यांची सरळ रांग चाललीय, जशी काय वरात! काकांनी दोघांना दोन भिंती दिल्या. तिसऱ्या दिवशी उत्तर: उपग्रहांची माळ. पोरं हिरमुसली. काकांनी त्यांना चहा दिला, पेढा दिला आणि "नजर चांगली आहे रे तुमची" म्हणून पाठ थोपटली. पोरं गेल्यावर मात्र स्वतःच हिरमुसून बसले. फुगे, विमानं, ड्रोन, शुक्राचा तारा. सगळ्या फाइली हिरव्या फोल्डरमध्ये. हिरवं म्हणजे बंद.

लाल फोल्डर एकच होतं. लाल म्हणजे अजून उघडी.

ते मला दिसलं ते रमजानच्या आदल्या संध्याकाळी. इथं रमजान लागायच्या आधी सरकारकडून लोकांना आवाहन होतं की आज चंद्रकोर शोधा, आणि दिसली तर येऊन सांगा. काका कोकणातले, रोज घरात गणपतीला फूल वाहणारे. पण त्या संध्याकाळी ते न चुकता हमीदभाईंबरोबर गच्चीवर पश्चिमेकडे डोळे लावून उभे असतात. कोर दिसो न दिसो, त्यांना त्या गोष्टीचं फार अप्रूप.

"बघ गो," ते मला म्हणाले, "इथं साध्या माणसाला विचारतात, तुला दिसलं काय? आणि तो हो म्हणाला तर त्याला खुर्ची देतात, त्याचं म्हणणं लिहून घेतात. हसत नाहीत कोणी."

'हसत नाहीत कोणी' हे ते दोनदा म्हणाले. मग खाली घरी येऊन त्यांनी आपणहून लाल फोल्डर काढलं. आत एक जुना, पिवळा पडलेला लिफाफा, गोंदानं बंद केलेला. वर वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'अपूर्ण. पाठवू नये.'

ती त्यांच्या वडिलांची नोंद होती. मास्तरांना एका संध्याकाळी गावच्या किनाऱ्यावर काहीतरी दिसलं होतं. त्यांनी तबकडी मंडळाचा छापील फॉर्म भरला, पण मंडळाचा नियम होता: दुसऱ्या साक्षीदाराशिवाय फॉर्म घेतला जाणार नाही. दुसरा साक्षीदार मिळाला नाही. फॉर्म तसाच राहिला. मास्तर गेले तेव्हा काका इथंच होते. भावानं ट्रंकेतला हा लिफाफा पाठवून दिला.

"आत काय लिहिलंय?"

"वाचलं नाही."

"एवढ्या वर्षांत?"

"पहिल्याचं रीडिंग बघायचं नसतं."

मी म्हटलं, निदान लॅमिनेट करून देते, कागद फाटेल. कागदपत्रं सांभाळणाऱ्या बाईला असा लिफाफा बघवत नाही. काका जवळजवळ ओरडलेच, "नको! लॅमिनेट केलं की लिहिता येत नाही. फाइल उघडी आहे अजून."

फोल्डरमध्ये आणखी एक गोष्ट होती. अरबी समुद्राचा नकाशा. त्यावर मालवणजवळच्या गावापासून निघालेली पेन्सिलची एक सरळ रेघ, पश्चिमेच्या थोडं उत्तरेला झुकत, समुद्र ओलांडून थेट इथल्या पूर्व किनाऱ्यावरच्या खोर फक्कान बंदराला येऊन टेकलेली. "ते इकडे आलं," काका म्हणाले. "आलं असेल तर खोर फक्कानवरूनच गेलं असेल. तिथं त्या संध्याकाळी कोणीतरी होडीत बसलेलं असणार. वर बघितलेलं असणार."

आणि मग मला कळलं की हा माणूस कुठल्याही देशात जाऊ शकला असता, पण गल्फमध्ये आला तो त्या रेघेच्या मागोमाग. महिन्यातून एका सुट्टीच्या दिवशी ते खोर फक्कानला जायचे. मला वाटायचं मासळी आणायला. मासळी आणायचेच म्हणा, पण म्हाताऱ्या कोळ्यांना गाठून, चहा पाजून, त्यांच्या तरुणपणी समुद्रावर काही दिसलं होतं का, ते विचारायचे. किती तरी जणांना विचारलं. कोणी नाही म्हणालं, कोणी जिनांच्या गोष्टी सांगितल्या, एकानं स्वतःच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण दिलं.

या जानेवारीत काका निवृत्त झाले. पासष्ट पूर्ण, व्हिसा रद्द होणार, महिन्याअखेरीस कायमचं गावी. पार्टी झाली, केक कापला, मॅनेजरनं भाषण केलं. दुसऱ्या दिवशी काका आमच्या दारात उभे. "गो अश्विनी, शनिवारी खोर फक्कानला येशील? एक शेवटचा माणूस आहे. विचारणारा आणि लिहिणारा एकच असता नये. आतापर्यंत मीच दोन्ही करत होतो, तेच चुकत होतं."

मी, नितीन, ईरा, पराठे, थर्मास, अशी आमची सहलच निघाली. डोंगरांतले बोगदे ओलांडून समोर निळा समुद्र आणि बंदराच्या उंच क्रेन दिसल्या, तेव्हा काकांनी गाडी हळू केली. "इथून सरळ गेलं की आमचं गाव," ते म्हणाले. हे ते दर वेळी स्वतःशीच म्हणत असावेत.

शेवटच्या माणसाचं नाव अबू राशिद. नव्वदीच्या जवळचा इमिराती म्हातारा, मासळी बाजाराबाहेर खुर्ची टाकून बसलेला, जुन्या दिवसांतली मोडकीतोडकी हिंदी छान बोलणारा. त्यानं आधी आम्हाला खजूर खायला लावले, ईराच्या डोक्यावरून हात फिरवला, चहा मागवला. "दोन दिरहमचा चहा, सत्तेचाळीस रुपये गो," काका सवयीनं माझ्या कानाशी पुटपुटले आणि पैसे द्यायला गेले, तर म्हाताऱ्यानं त्यांचा हातच धरून ठेवला.

मग काकांनी विचारलं. मी वही उघडून बसले. आसमान में, बहुत साल पहले, शाम को, कुछ गोल, रोशनीवाला?

अबू राशिदनं चहाचा पेला खाली ठेवला. "हां," तो म्हणाला. "देखा था."

माझं पेन थांबलं. नितीनसुद्धा मोबाइलमधून वर बघायला लागला. काकांचा आवाज एकदम बारीक झाला. "किस तरफ से आया, हबीबी?"

"तुम किस तरफ से बोलता?"

"नहीं, आप बोलो."

"जिस तरफ से तुम बोलता, उसी तरफ से आया." म्हाताऱ्यानं काकांच्या गुडघ्यावर थोपटलं. "तुम इतना साल से इधर आता, सब से पूछता. मैं देखता हूं. बाप का काम है, सब बोलता. मैं ना कैसे बोले?"

काका हसले. उठून त्यांनी म्हाताऱ्याचे दोन्ही हात हातात घेतले, "शुक्रन" म्हणाले. आम्ही समुद्राच्या कडेच्या कठड्यापाशी आलो तेव्हा त्यांनी मला मजकूर सांगितला: "लिही. साक्ष अग्राह्य. कारण, साक्षीदार फार चांगला माणूस आहे."

नितीन ईराला घेऊन वाळूत गेला. ऊन उतरत होतं. काकांनी लाल फोल्डर मांडीवर घेतलं आणि पहिल्यांदाच मला ते थकलेले दिसले. हे फोल्डर ते महिन्याअखेरीस तसंच लाल, तसंच उघडं गावी घेऊन जाणार होते. मला त्यांचं फार वाईट वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी नकाशा उलगडला, ती रेघ बघितली, आणि कोड्याचा जो धागा मला इतके दिवस सापडत नव्हता तो एकदम हाताला लागला.

"काका, फॉर्म तुम्ही वाचलेला नाही ना?"

"नाही."

"मग ही दिशा कुठून आली? बाबांनी सांगितली होती?"

"बाबा त्यावर पुन्हा कधी बोललेच नाहीत."

"मग रेघ कशाच्या आधारावर मारलीत?"

काकांनी फोल्डर बाजूला ठेवलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग समुद्राकडे बघत म्हणाले, "मी होतो गो तिथं."

ते आठ वर्षांचे होते. बाबांचा हात धरून किनाऱ्यावर फिरायला गेले होते. 'बाबा, ता बगा' असं म्हणून वर बोट दाखवलं ते त्यांनीच. दोघंही ते पार दिसेनासं होईपर्यंत बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शाळेत हेडमास्तरांना आणि जमलेल्या चार पुढाऱ्यांना उत्साहानं सगळं सांगितलं. लोक हसायला लागले. मास्तर म्हणाले, माझा मुलगा होता बरोबर, त्याला विचारा. रघूला वर्गातून बोलावून आणलं. खिडकीला सगळी पोरं लटकलेली, तोंडं दाबून हसणारी. हेडमास्तरांनी विचारलं, "काय रे, तूही बघितलंस?"

"मी म्हटलं, नाही." काका म्हणाले. "एवढंच. 'नाही.' मग सगळे मोठ्यानं हसले. बाबा हसले नाहीत, रागावले नाहीत. घरी येताना रोजच्यासारखा माझा हात धरला. पण पुढं गावानं त्यांना मरेपर्यंत 'तबकडी मास्तर' म्हटलं, आणि ते पुन्हा संध्याकाळचे किनाऱ्यावर गेले नाहीत."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. इतकी वर्षं या माणसानं परक्या मुलखातल्या कोळ्यांमध्ये दुसरा साक्षीदार शोधला, कारण खरा साक्षीदार पुढे यायला घाबरत होता. आणि तरीही लिफाफा एकदाही उघडला नाही. पहिल्याचं रीडिंग बघितलं असतं तर स्वतःची साक्ष कायमची बाद झाली असती. म्हणजे मनात कुठंतरी त्यांनी ती जागा स्वतःसाठी राखून ठेवली होती.

"मग तुम्हीच द्या ना साक्ष!"

"माझी नोंद झालेली आहे. 'नाही' अशी. चार माणसांसमोर."

"सर," मी म्हटलं. गेटच्या बाहेर मी त्यांना पहिल्यांदाच सर म्हणाले. "चुकीची नोंद पुसायची नसते. तिच्यावर एक रेघ मारायची. बाजूला बरोबर काय ते लिहायचं, सही, त्या दिवसाची तारीख. चुकणं गुन्हा नाही. माझ्या व्हाइटनरच्या वेळी तुम्हीच सांगितलंय."

काकांनी फोल्डर माझ्या हातात दिलं. मग उठले, कठड्याजवळच्या एका बंद टपरीच्या भिंतीपाशी गेले आणि तिच्याकडे तोंड करून खाली बसले. "लिफाफा तू उघड," पाठमोरेच म्हणाले. "मी सांगतो. तू फक्त जुळव. मध्ये बोलू नकोस."

मी गोंद हलकेच सोडवला. आत चार पानी छापील इंग्रजी फॉर्म, मास्तरांच्या घोटीव अक्षरात भरलेला. काका भिंतीला सांगत होते आणि मी ओळीवर बोट ठेवत होते. रंग? "पिवळट, मधे पांढरं." मास्तर: पांढरट पिवळा. आवाज? "अजिबात नाही." मास्तर: आवाज नाही. हात लांब करून कुठली वस्तू धरली तर तेवढं दिसेल? "बोराएवढं." मास्तरांनी लिहिलं होतं: सुपारीएवढे. दिशा, पश्चिमेच्या थोडी उत्तरेला, दोघांची तीच. जवळपासच्या मोटारींची इंजिनं बंद पडली का, या प्रश्नापुढे मास्तरांनी लिहिलं होतं: गावात मोटार नाही. जनावरं बिथरली का?

"सुरूच्या झाडाला एक बैल बांधलेला होता," भिंतीकडे तोंड करून काका म्हणाले. "आम्ही दोघं वेड्यासारखे वर बघतोय, आणि त्यानं मानसुद्धा उचलली नाही."

कागदावर होतं: एक बैल. उभा होता. उभाच राहिला.

शेवटच्या पानावर दुसऱ्या साक्षीदाराचा रकाना होता. तो कोरा असेल, किंवा 'नाही' असं असेल, असं मी धरून चालले होते. तिथलं वाचलं आणि माझं बोट त्या ओळीवरच थांबलं.

"काय झालं? जुळत नाही?" काकांनी विचारलं.

"तुम्हीच बघा."

ते आले. कागद हातात घेऊन त्यांनी डोळ्यांजवळ नेला. 'वस्तू प्रथम कोणी पाहिली?' या छापील प्रश्नापुढे मास्तरांनी लिहिलं होतं, 'माझ्या मुलाने.' त्याखाली, 'दुसरा साक्षीदार: चि. रघुनाथ, वय आठ.' आणि त्याखाली सहीच्या रिकाम्या रेघेशेजारी, कंसात, बारीक अक्षरात: 'मोठा झाल्यावर करील.'

कधी मोठा झाल्यावर, हे लिहिलं नव्हतं. काका ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग चष्म्याखालून पाणी ओघळून दाढीच्या खुंटांत जिरलं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. लांबून ईरा धावत आली आणि त्यांच्याकडे बघून थबकली. "अंकल, आर यू ओके?"

"होय गो बाय," ते म्हणाले. "जुळलं."

"सो वॉज इट अ रिअल यूएफओ?"

"काय होतं ते मला माहीत नाही. एखाद्या रॉकेटचा तुकडा जळत गेला असेल. माझ्या बाबांना जे दिसलं ते मलाही दिसलं होतं, एवढंच."

"बोर आणि सुपारी जुळत नाही पण," मी नाक ओढत म्हटलं.

"टॉलरन्समध्ये आहे," काका म्हणाले, आणि रडता रडता हसले.

गाडीच्या बॉनेटवर फॉर्म पसरून त्यांनी निळं पेन काढलं. सही केली ती ऑफिसातली झोकदार सही नव्हती. पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं, शाळेतल्या मुलासारखं. खाली त्या दिवसाची तारीख. मग लिफाफा सरळ केला. 'अपूर्ण' या शब्दावर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. बाजूला लिहिलं, 'पूर्ण.' पुन्हा सही, पुन्हा तारीख. फॉर्मवर वेळेचाही एक रकाना होता.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"सहा," मी म्हटलं.

काकांनी सहा लिहिले. प्लस-मायनस त्यांनी विचारलं नाही.